तलावाच्या पंपाची मोटर वारंवार बंद पडत असेल तर कारण कसे शोधावे

मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीचा पोहण्याचा तलाव मुलांनी गजबजलेला असतो आणि नेमकी त्याच दिवसांत पंपाची मोटर अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडू लागते. देखरेखीचा माणूस पंपरूममध्ये जाऊन बटण दाबतो, मोटर सुरू होते, थोड्या वेळाने पुन्हा थांबते, पुन्हा बटण दाबले जाते, आणि असे चार-पाच दिवस चालल्यावर एका दुपारी जळक्या वार्निशचा वास येतो. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, गेलेले असते आणि पाणी हिरवे पडायला दोन दिवस पुरतात. हा लेख तलावाची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांसाठी आहे, मग ते सोसायटीच्या समितीचे सभासद असोत, कर्जत-अलिबागकडे छोटा बंगला भाड्याने देणारे असोत किंवा गोव्यात होमस्टे चालवणारे असोत. वाचकाने वायरमनचे काम स्वतः करावे असा यामागचा हेतू नाही. वायरमन येईपर्यंत निम्मे निदान झालेले असावे आणि तो आल्यावर त्याला नेमके काय मोजायला सांगायचे ते ठाऊक असावे, एवढाच आहे.

हात लावण्याआधी

तलावात कोणी असेल तर त्याला बाहेर काढावे. पाणी आणि बिघडलेली वीजजोडणी एकत्र आली की जिवाचा धोका असतो, त्यामुळे येथे भीड बाळगू नये. त्यानंतर पॅनेलवरचा पंपाचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) खाली करावा आणि त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी. स्टार्टरचे लाल बटण दाबणे पुरेसे नाही, कारण पंप टायमरवर असेल तर ठरलेली वेळ होताच मोटर आपोआप सुरू होते आणि तेव्हा आपला हात पंख्याच्या जाळीत असू शकतो. सिंगल फेज मोटरच्या पाठीवर जी डबी असते तिच्यातला कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतो. तो उघडायचे काम वायरमनवर सोपवावे, आणि त्यानेही स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याऐवजी टेस्ट लॅम्प लावून तो रिकामा करावा असा आग्रह धरावा.

मोटर कोणी थांबवली?

मोटर वारंवार थांबत असते तेव्हा बहुतेक वेळा तिच्या रखवालदारांपैकी कोणीतरी तिला थांबवलेले असते. तेव्हा पहिला प्रश्न ‘का थांबली’ हा नसून ‘कोणी थांबवली’ हा असावा, आणि त्याचे उत्तर पुढचे बटण दाबण्याआधी शोधावे, कारण बटण दाबताच पुरावा पुसला जातो.

एमसीबीचा खटका खाली किंवा मध्येच अडकलेला दिसला तर विद्युतप्रवाह जास्त झाला किंवा कोठे तरी शॉर्ट झाले. आरसीसीबीचा, म्हणजे ‘टी’ असे छोटे बटण असलेल्या खटक्याचा, पाय खाली आला असेल तर वीज जमिनीकडे गळते आहे; ही गळती ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत तो पडलाच पाहिजे अशी त्याची रचना असते. थ्री फेज मोटरच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो आणि तो पडला की त्याचे छोटे रीसेट बटण बाहेर येते. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर थांबवणारा) किंवा ड्राय रन प्रिव्हेंटर (पंपात पाणी नसेल तर थांबवणारा) बसवलेला असेल तर त्यावरचा दिवा बोलतो. आणि यांपैकी काहीही पडलेले नसेल, पॅनेलवर वीज असेल, मोटरचे अंग तापलेले असेल व वीस-चाळीस मिनिटांनी ती कोणी न सांगता पुन्हा सुरू होत असेल, तर वाइंडिंगजवळ बसवलेल्या थर्मल प्रोटेक्टरने तिला थांबवले होते. ही दोन धातूंची एक छोटी चकती असते. तापली की वाकते आणि जोड तोडते, निवली की सरळ होऊन जोडते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकदा रिवाइंड होऊन, म्हणजे नवी तार गुंडाळून, आलेल्या अनेक मोटरमध्ये हा थर्मल प्रोटेक्टर परत बसवलेलाच नसतो. दुकानदाराला तो कटकटीचा वाटतो आणि गिऱ्हाईकही ‘आता मोटर थांबत नाही’ म्हणून खूश होते. अशी मोटर थांबत नाही, ती थेट जळते.

घड्याळ आणि वही

पुढची पायरी बिनखर्चाची आहे. मोटर किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, त्या वेळी ऊन होते की पाऊस, फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा कोठे होता, एवढे चार रकाने वहीत तीन दिवस भरावेत. मोटर किती वेळाने थांबते यावरून शोधाची दिशा ठरते.

खटका वर करताच पडत असेल तर केबल किंवा वाइंडिंग शॉर्ट आहे. पुन्हा प्रयत्न करू नये. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि काही सेकंदांत ट्रिप होते, तर कपॅसिटर गेला आहे किंवा इंपेलर (पाणी ढकलणारे पंपातले चाक) अडकला आहे. दहा मिनिटे ते तासाभराने थांबत असेल तर प्रश्न उष्णतेचा आहे, आणि उष्णता जादा प्रवाहाने, कमी व्होल्टेजने, गेलेल्या बेअरिंगने किंवा कोंदट खोलीने येते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी बंद, असा क्रम असेल तर व्होल्टेजवर संशय घ्यावा. फक्त पावसात बंद पडत असेल तर ओल शोधावी. आणि रोज ठरलेल्या मिनिटालाच बंद पडत असेल, तर आधी टायमर पाहावा. वीज गेल्यामुळे मागे पडलेल्या घड्याळाने कितीतरी वायरमनांना हकनाक फेऱ्या घालायला लावल्या आहेत.

पाण्याची बाजू, आणि एक गैरसमज

एमसीबी बंद ठेवून आधी पाण्याची वाट तपासावी. तलावाची पातळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या मध्यापर्यंत आहे का, ओव्हरफ्लो पद्धतीचा तलाव असेल तर बॅलन्सिंग टँकमध्ये (काठावरून सांडलेले पाणी जमा होते त्या टाकीत) पुरेसे पाणी आहे का, हे पाहावे. सक्शनचे, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूचे, व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या तोंडावरचे पारदर्शक झाकण उघडावे आणि आतली जाळी धुवावी. मे-जूनमध्ये तलावाशेजारी गुलमोहर असेल तर ही जाळी एका दिवसात पाकळ्यांनी भरते. पाकळ्या सहज निघतात, खरा त्रास त्याच्या बारीक पानांचा असतो, कारण जाळीला चीर पडली असेल तर ती पाने केसांबरोबर आत जातात आणि इंपेलरच्या अरुंद खाचांमध्ये ओल्या चहापत्तीसारखी घट्ट बसतात. झाकणाच्या रबरी रिंगला चीर असेल तर ती बदलावी. मोटर चालू असताना झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील तर पंप हवा घेतो आहे.

आता गैरसमज. फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो आणि ती ट्रिप होते, असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. तलावाचा पंप सेंट्रिफ्यूगल असतो आणि अशा पंपाचे वागणे साधारणपणे याच्या उलट असते: पाण्याची वाट आवळली की पंप कमी पाणी ढकलतो, कमी काम करतो आणि कमी वीजप्रवाह ओढतो. उलट मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) ‘रीसर्क्युलेट’वर ठेवून फिल्टर टाळला की पाणी मोकाट वाहते आणि अँपिअर वाढतात. याचा अर्थ चोंदलेला फिल्टर चालवून घ्यावा असा नव्हे; पाणी जवळजवळ अडलेच तर पंपातले पाणी तापते, मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारे) खराब होते आणि ती उष्णता शाफ्टमधून पुढच्या बेअरिंगपर्यंत येते. पण वीजप्रवाह जास्त असल्याचे खापर फिल्टरवर फोडून बॅकवॉश (उलटे पाणी सोडून फिल्टर धुणे) करत बसल्यास खरे कारण तसेच राहते. फिल्टर स्वच्छ असताना गेज जे दाखवते त्याहून सुमारे ०.५ ते ०.७ किलोने (दर चौरस सेंटिमीटरला) दाब वाढला की बॅकवॉश करावा, त्याआधी नाही, आणि व्हॉल्व्हची मूठ फिरवण्याआधी मोटर न चुकता बंद करावी.

म्हणूनच टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून अँपिअर मोजणारे मीटर) आणि प्रेशर गेज एकत्र वाचायला शिकावे. अँपिअर कमी आणि दाब जास्त, तर फिल्टर किंवा परतीची वाट चोंदली आहे. दोन्ही कमी, तर जाळी, सक्शन लाइन किंवा हवा. अँपिअर जास्त आणि दाब कमी, तर पाणी कोठे तरी मोकळे सुटते आहे. दाब नेहमीसारखा पण अँपिअर जास्त, तर पाण्याची बाजू सोडून विजेकडे आणि बेअरिंगकडे वळावे.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही

वीज पूर्ण बंद करून मोटरच्या मागचे पंख्याचे झाकण काढावे आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. बहुतेक मोटरमध्ये शाफ्टच्या मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असते. तो अलगद फिरला पाहिजे. अजिबात फिरत नसेल तर इंपेलरमध्ये खडा, शेंगदाण्याचे टरफल किंवा केसांचा गुंता आहे, किंवा पावसाळाभर बंद राहिल्यामुळे सीलच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटल्या आहेत. दुसऱ्या प्रकारात चार-पाच वेळा मागे-पुढे फिरवल्यावर शाफ्ट मोकळा होतो. फिरताना खरखर जाणवली तर बेअरिंग गेले.

शाफ्ट मोकळा असूनही मोटर उचलत नसेल तर कपॅसिटर पाहावा. फुगलेला, तेल सुटलेला किंवा वितळलेला कपॅसिटर डोळ्यांनाच कळतो. दिसायला ठीक असेल तर मीटरने मोजावा. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅराडपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी भरला तर बदलावा, आणि बदलताना तोच आकडा व तोच व्होल्टेज, जो बहुधा ४४० असतो, घ्यावा. ‘दुकानात हाच होता’ म्हणून मोठा बसवू नये. ज्या मोटरमध्ये सुरू होताना ‘टक्’ असा आवाज येतो तीत सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. मोटरने वेग घेतल्यावर हा स्विच सुरुवातीचे वाइंडिंग तोडतो. त्याच्या पट्टीत मुंग्या चिरडून किंवा गंज चढून तो तोडायचा राहिला, तर मोटर फिरते खरी, पण काही सेकंदांत तापून ट्रिप होते.

व्होल्टेज, वायर आणि एक तपकिरी जोड

नेमप्लेटवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर आधी वहीत उतरवून घ्यावेत. मग मोटर चालू असताना वायरमनकडून दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्यावे: पॅनेलवर आणि मोटरच्या टर्मिनलवर. दुसरे मोजमाप बहुतेक जण टाळतात, आणि चूक बहुधा तेथेच सापडते.

आमच्या सोसायटीत दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर एका मोसमात दोनदा रिवाइंड झाली. सकाळी तीन तास सलग चालायची, संध्याकाळी चाळीस मिनिटांत थांबायची. सकाळी पॅनेलवर २२४ व्होल्ट होते आणि टर्मिनलवर २११. संध्याकाळी आजूबाजूचे एसी सुरू झाले की पॅनेलवरच २०५ यायचे आणि मोटरला मिळायचे १९२. तेरा व्होल्ट वाटेत कोठे जात होते? पंपरूम पॅनेलपासून चाळीस मीटर लांब होती आणि बागेच्या दिव्यांसाठी टाकलेली १.५ चौरस मिलिमीटरची वायर कोणीतरी पंपाला जोडून दिली होती. अशा तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन ऐंशी मीटर म्हणजे जवळजवळ एक ओहम, आणि ९ अँपिअरला ९ व्होल्ट गेले. उरलेले चार एका जोडात सापडले. काळी टेप सोडवली तेव्हा आतला प्लास्टिकचा कनेक्टर करपलेल्या साखरेच्या रंगाचा झाला होता आणि स्क्रू अर्धा फेरा सैल होता. चार व्होल्ट गुणिले नऊ अँपिअर म्हणजे ३६ वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या टेपखाली दररोज तासन्तास निर्माण होत होती.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे २३० ऐवजी १९२ व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे ७० टक्क्यांवर येतो. तेवढेच पाणी ओढायला मोटर जास्त अँपिअर घेते आणि तापते. आम्ही ४ चौरस मिलिमीटरची अखंड वायर टाकली. वाटेतली घट तीन व्होल्टवर आली आणि वाइंडिंगचा प्रश्न मिटला. दोन रिवाइंडिंगच्या खर्चात ही वायर आधीच येऊ शकली असती, हे समितीच्या बैठकीत मलाच सांगावे लागले.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवणे हा उपाय नव्हे. त्याने मोटरचे दुखणे जात नाही, मात्र वायर तिच्या क्षमतेपेक्षा जास्त तापली तरी तिला सोडवणारे कोणी उरत नाही.

खोलीची उष्णता

बहुतेक नेमप्लेटवर ४० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असते. मोटरभोवतीची हवा याहून थंड असेल असे धरून ती बनवलेली असते. तलावाशेजारच्या जमिनीत पुरलेल्या, लोखंडी झाकणाच्या पंपखोलीत मे महिन्याच्या दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो. त्यात पावसापासून जपायचे म्हणून मोटरभोवती पोते किंवा प्लास्टिक गुंडाळलेले असेल, तर मोटरचा पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहतो. पोते काढावे, पंख्याच्या जाळीवरची कोळिष्टके झाडावीत, भिंत आणि पंखा यांत निदान वीतभर जागा ठेवावी, आणि खोलीला एक एक्झॉस्ट फॅन व समोरच्या बाजूला हवा आत येण्याची जागा द्यावी. झाकण उघडे ठेवून मोटर थांबायची बंद झाली तर निदान तेथेच झाले.

हात लावून ‘फार तापली’ असे ठरवू नये. चालू मोटरचे अंग ७० अंशांपर्यंत जाणे नेहमीचे आहे आणि तेवढ्यावर हात टिकत नाही.

उष्णतेचे आणखी एक कारण माणसाच्या बोटात असते. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. थांबली की लगेच बटण दाबत राहिले, किंवा टायमर दर पंधरा मिनिटांनी चालू-बंद असा लावला, तर या धक्क्यांनीच वाइंडिंग तापते. थर्मल प्रोटेक्टरने थांबवलेली मोटर एक तासभर तरी निवू द्यावी.

थ्री फेज असेल तर

मोठ्या तलावांवर थ्री फेज मोटर असते आणि तेथे पहिला संशय एक फेज जाण्यावर घ्यावा. चालत्या मोटरची एक फेज गेली तर उरलेल्या दोन फेजवरचा प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर यासाठीच असतो. तो सतत पडतो म्हणून बायपास केलेला आढळला तर आधी तो पूर्ववत करावा. ओव्हरलोड रिलेची चकती नेमप्लेटच्या अँपिअरवर लावावी, ‘थोडी वर’ नव्हे.

तिन्ही फेज येत असूनही त्या सारख्या नसतील तरी मोटर तापते. समजा तीन मोजमापे ४१०, ४०२ आणि ३८८ आली. सरासरी ४००, त्यापासूनचे सर्वांत मोठे अंतर १२, म्हणजे असमतोल ३ टक्के. तापमानातली वाढ या आकड्याच्या वर्गाच्या साधारण दुप्पट टक्क्यांनी जास्त होते असा ठोकताळा आहे, म्हणजे येथे १८ टक्के. सोसायटीच्या अंतर्गत जोडणीत एकाच फेजवर जास्त लोड असेल तर तो वाटून घेणे आपल्या हातात असते. पुरवठाच असमतोल असेल तर मोजमापांसह वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

दुरुस्तीनंतर पंप चालतो पण पाणी नीट सोडत नाही असे झाले तर पंख्याची दिशा अंगावरच्या बाणाशी ताडून पाहावी. उलट फिरत असेल तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल कराव्यात.

पावसात पडणारा आरसीसीबी

मोटरची वायर टर्मिनलवरून सोडवून आरसीसीबी वर करावा. तरीही पडला तर गळती केबलमध्ये आहे, टिकला तर मोटरमध्ये. मोटर असेल तर मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि अंग यांतला रोध मोजून घ्यावा. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर ती मोटर पाण्याशी जोडलेल्या पंपावर चालवू नये. ओल बाहेरूनच आली असे नसते. पंप आणि मोटर यांच्या मधल्या फटीखाली पांढऱ्या क्षाराचा ओघळ दिसत असेल तर मेकॅनिकल सील गळते आहे आणि ते पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये जाते आहे. सील वेळेवर बदलले तर बेअरिंग वाचते.

आणि पंपरूममध्ये ॲसिडचे कॅन ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने टर्मिनल हिरवी पडतात, कॉन्टॅक्टरचे (स्टार्टरमधल्या स्विचचे) जोड खाल्ले जातात. शिवाय ॲसिड आणि क्लोरीनची पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही दोन रसायने वेगवेगळ्या, हवेशीर जागी ठेवावीत.

मोटर दुकानात द्यावी लागली तर

देण्याआधी चार गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात: वाइंडिंग तांब्याचे असेल, थर्मल प्रोटेक्टर परत बसवला जाईल, दोन्ही बेअरिंगे आणि सील नवे पडतील, आणि मोटर परत देताना लोड नसताना ती किती अँपिअर घेते ते लिहून मिळेल. तिसऱ्यांदा रिवाइंड करायची वेळ आली असेल तर नवी मोटर घ्यावी, पण जुनी का जळाली ते कळल्यावरच.

मोटर परत बसली की पहिल्या दिवशी सुरू केल्यावर लगेच, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी व्होल्टेज, अँपिअर व दाब मोजून घ्यावा आणि तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. आमच्या दारावर मार्करने ‘२२१ व्होल्ट, ८.६ अँपिअर, ०.८ किलो’ असे लिहिलेले आहे. काही बिघडले की देखरेखीचा माणूस आता बटणाआधी त्या ओळीकडे पाहतो आणि फोनवर मला थेट आकडेच सांगतो.